पाटी

गोल चौकात तिनं हात दाखवला.
निळा गणवेश, टोपीत कोंबलेले केस, छातीवर आडनाव : ल गोफ.
व्हॅनकडं बघितलंही नाही, थेट मागं गेली ट्रेलरपाशी,
वाकली, अंगठ्यानं चिखल पुसला.
"हिची पाटी?"
म्हटलं, व्हॅनची आहे तीच मागंही लावलीय.
"पाचशे किलोपर्यंत चालतं तसं. ही त्यातली नाही."
मग ढिगाकडं मान वळवून,
"आणि ह्या?"
ह्याही पाट्याच, बाई. छपरावरच्या.
तीनशे चाळीस पाट्या
आणि एकीवरही नंबर नाही.
ती हसली नाही.
दंडाची पावती मात्र फार सुवाच्य होती.

सात वर्षं मी ब्रिटनीत छपरं शाकारतोय.
इथले लोक पाटी हुकात अडकवतात,
आम्ही स्कॉटलंडचे खिळा मारतो,
त्यावरून भांडायला मला पुरेसं फ्रेंच येतं.
खिडकीपलीकडच्या माणसाशी बोलायला येत नाही.
त्याला हवं होतं कारखान्याचं प्रमाणपत्र.
कारखाना म्हणजे
ओबनच्या वर, टेकडीला टेकलेली एक शेड,
अर्धी मेंढ्यांची, अर्धी बापाची.
मोडक्या होडीगाडीचा आस, कुणाच्या तरी फाटकाचे गज,
आणि चार शनिवारांचं वेल्डिंग.

रात्री फोन लावला.
"किती वजन पेलते ही?"
"मावेल तेवढं," टॉर्किल मॅकफेल म्हणाला.

"मावतं ते वेगळं, चालतं ते वेगळं,"
तपासणी केंद्रातली ग्वेनोला म्हणाली
आणि काट्यावर चढवली रिकामी ट्रेलर.
तीनशे बारा.
मग दिवे.
डावीकडं वळायचं म्हटलं की ब्रेकचा दिवा लागायचा,
ब्रेक दाबला की काहीच नाही.
मागचे लाल काच-गोल बघून तिनं हवेत त्रिकोण काढला :
"इथं ट्रेलरला हे लागतात. टोक वर."
जोडणी निसटली तर धरणारी साखळी कुठंय?
हुकाच्या गोळ्यावर भार किती?
मला वाटलं ही पाट्या टाकणारी असेल,
शिक्का मारेल, सोडेल.
ती ओल्या फरशीवर पाठ टेकून खाली सरकली
आणि एकेका वेल्डवर नखानं टकटक करत राहिली.
बराच वेळ.
खालूनच म्हणाली, "ज्यानं केलं त्याला घाई नव्हती."

तीन फेऱ्या झाल्या. दोन रविवार वायरींत गेले.
मग एक नंबर आला, सतरा खुणांचा,
तो दांडीच्या लोखंडात मीच ठोकायचा होता.
पोलादी ठसे उसने आणले.
पाटीला भोक पाडताना हात राखून मारावा लागतो,
जोर केला की सरळ भेग, काम वाया.
इथं उलटं. राखून मारलेलं
उमटतच नाही.
पाचवं अक्षर कललं, तिनं चालवून घेतलं.

शेवटचा रकाना : निर्माता.
"कंपनीचं नाव?"
कंपनी नाही, म्हातारा आहे.
एकेक अक्षर सांगितलं, सावकाश.
ती दोन बोटांनी टाइप करत होती,
बाहेर कुणाचा तरी हॉर्न.

कार्ड आलं टपालानं, राखाडी पाकिटात.
निर्माता : टॉर्क.
बाकीचा बाप कुठंतरी यंत्रात अडकला.

फोनवर वाचून दाखवलं.
पलीकडं आधी काहीच नाही, फक्त मेंढ्या.
मग, "डावा दिवा लागतो का?"
लागतो.
"मग झालं."
आणि ठेवलाही फोन.
नंतर आईकडून कळलं, शेजारी तीन घरं फिरून
सांगून आला की फ्रान्स सरकारनं लिहून दिलंय.

आज सकाळी पुन्हा तोच चौक.
मागं चकचकीत पाटी, दोन त्रिकोण, टोक वर,
भार नेमका, दोरी आवळलेली.
ल गोफ उभी होती, कुणा ट्रॅक्टरवाल्याशी बोलत.
मी हळू केली गाडी.
तिनं बघितलं नाही.

चौकाला पुरा एक वळसा घातला
आणि पुन्हा तिच्यासमोरून गेलो.